फ्लाइट सिम्युलेटरचा व्यवसाय करताना: परवान्यांची तपासणी पायरीपायरीने

दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असलेल्या आपल्या छोट्या गोवा राज्यात फ्लाइट सिम्युलेटरवर (संगणकावर विमान उडवण्याचा अनुभव देणाऱ्या प्रोग्रॅमवर) आधारित व्यवसायाची कल्पना अनेकांना सुचते. कोणाला कळंगुटच्या पर्यटकांना अर्धा तास ‘वैमानिक’ बनवून शुल्क घ्यायचे असते, कोणाला म्हापशात वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी वर्ग काढायचे असतात, तर कोणाला आपल्या रेस्टॉरंटच्या कोपऱ्यात कॉकपिटसारखी खुर्ची आणि तीन पडदे मांडून गिऱ्हाईक खेचायचे असते. संगणक, जॉयस्टिक, रडर पेडल आणि जागेचे भाडे यांचा हिशेब हे सगळे काटेकोरपणे करतात. सॉफ्टवेअरचा विषय मात्र ‘ते तर मी विकत घेतलेच आहे’ या एका वाक्यात संपतो, आणि पुढच्या अडचणींचे मूळ बहुतेक वेळा याच वाक्यात असते.

दुकानातून किंवा ऑनलाइन घेतलेल्या सिम्युलेटरचे पैसे भरले म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या मालकीचे होत नाही. ते विशिष्ट अटींवर वापरण्याची परवानगी तेवढी मिळते. राहण्यासाठी भाड्याने घेतलेल्या घरात मालकाला न विचारता खानावळ सुरू करावी, तसा हा प्रकार आहे: भाडे वेळेवर भरले असले तरी वापर ठरल्यापेक्षा वेगळा आहे. शिवाय सिम्युलेटर केंद्रात अशी एकच परवानगी नसते. मुख्य प्रोग्रॅम, तो जिथून घेतला ते ऑनलाइन दुकान, वरून बसवलेली विमाने आणि विमानतळ, नकाशे, विंडोज अशा प्रत्येक थराचा मालक वेगळा असतो आणि त्याची अट वेगळी असते. यातील एका थराने व्यावसायिक वापरास मनाई केली असेल, तर बाकीच्यांच्या परवानगीने ती मनाई दूर होत नाही.

कायदा काय म्हणतो

भारताच्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीचा दर्जा आहे. कलम १४(ख) नुसार प्रोग्रॅमची प्रत विकण्याचा किंवा व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क मूळ मालकाकडे राहतो. याच कलमाला एक परंतुक आहे: भाड्याच्या व्यवहारात प्रोग्रॅम हा मुख्य विषय नसेल, तर हा भाड्याचा हक्क लागू होत नाही. काही जण त्याचा आधार घेऊन म्हणतात की आमचा ग्राहक खुर्चीचे आणि कॉकपिटचे पैसे देतो, सॉफ्टवेअरचे नव्हे. हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. सिम्युलेटर बंद करून नुसत्या खुर्चीत अर्धा तास बसण्याचे पैसे कोणी देणार नाही. तेव्हा त्या व्यवहारात मुख्य काय आहे हे न्यायालयाला समजावून सांगावे लागणार नाही.

स्थापनेच्या वेळी ‘मला मान्य आहे’ या बटणावर केलेले क्लिक हाही करारच असतो. केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अग्राह्य ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम १०अ सांगते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. चोरीची किंवा क्रॅक केलेली प्रत जाणूनबुजून वापरणे हा कलम ६३ख खालील गुन्हा असून त्याला किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. वापर आर्थिक लाभासाठी किंवा धंद्याच्या ओघात नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते; धंदा करणाऱ्याला मात्र ही सवलत मिळत नाही. अस्सल प्रत घेऊन ती परवान्याबाहेर वापरणे हा सर्वप्रथम कराराचा भंग ठरतो. त्यातून खाते बंद होणे, नोटीस येणे, भरपाईचा दावा होणे असे परिणाम संभवतात, आणि परिस्थितीनुसार कॉपीराइट भंगाचा आरोपही होऊ शकतो. कलम ६३ खालील, म्हणजे कॉपीराइट भंगाचा, गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ‘निट प्रो इंटरनॅशनल’ प्रकरणात दिला आहे, हेही लक्षात असू द्यावे.

पहिली पायरी: आपला वापर एका परिच्छेदात लिहून काढा

परवाना वाचण्याआधी आपण नेमके काय करणार आहोत ते कागदावर उतरवावे. ग्राहक कोण, पैसे कोण देतो आणि कशाचे देतो, किती संगणक एकाच वेळी चालणार, केंद्र एकाच जागी राहणार की प्रदर्शनांतून आणि लग्नसमारंभांतून फिरणार, आणि हे सारे मनोरंजन आहे की प्रशिक्षण, या प्रश्नांची उत्तरे त्यात यावीत. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण काही परवाने प्रशिक्षणाला परवानगी देतात पण मनोरंजनाला देत नाहीत.

‘आम्ही पैसे घेतच नाही’ असे म्हणणाऱ्यांनीही हा परिच्छेद लिहावा. रेस्टॉरंटमध्ये सिम्युलेटर फुकट ठेवला, तरी तो गिऱ्हाईक वाढवण्यासाठी ठेवलेला असतो, आणि ‘वैयक्तिक, अव्यावसायिक वापर’ या शब्दांत असा वापर बसत नाही. गृहप्रकल्प विकणाऱ्याने आपल्या स्टॉलवर लावलेला सिम्युलेटर, मोबाइलच्या दुकानाच्या उद्घाटनासाठी एका दिवसापुरता आणलेला सिम्युलेटर यांनाही हेच लागू होते. चार मित्रांनी घरी जमून विजेचे बिल वाटून घेणे ही वेगळी गोष्ट आहे. त्या घराबाहेर फलक लागला आणि तासाचा दर ठरला की चित्र बदलते.

शाळा-महाविद्यालयांनी स्वतःला आपोआप सूट आहे असे समजू नये. नफा न कमावणारी संस्था आणि वैयक्तिक वापर या दोन वेगळ्या बाबी आहेत. अध्यापनासाठी स्वतंत्र शैक्षणिक परवाना असेल तर तोच घ्यावा.

दुसरी पायरी: मुख्य सिम्युलेटर निवडा

खरा निर्णय इथे होतो, त्यामुळे वेळही इथेच द्यावा. आजच्या घडीला विचार करण्याजोगे चार पर्याय आहेत आणि चौघांचे परवाने चार दिशांना तोंड करून आहेत.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर सर्वांत देखणा आहे. ऑगस्ट २०२० मधील आवृत्ती आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली ‘२०२४’ ही आवृत्ती या दोन्हींत जमीन, इमारती, हवामान इंटरनेटवरून येत राहते आणि पर्यटकाला आपले गाव वरून दिसते. ग्राहकाच्या तोंडी सहसा याच सिम्युलेटरचे नाव असते. अडचण अशी की मायक्रोसॉफ्टच्या सेवा-करारानुसार एक्सबॉक्स सेवा आणि गेम वैयक्तिक, अव्यावसायिक वापरासाठी आहेत. गेम पासचे, म्हणजे ठरावीक शुल्कात अनेक गेम खेळू देणाऱ्या योजनेचे, सदस्यत्व घेऊन केंद्र चालवणे तर त्याहून कच्चे, कारण ते सदस्यत्व एका व्यक्तीच्या खात्याचे असते आणि ते खाते दिवसभर दहा अनोळखी हातांत फिरते. दुकानातून घेतलेल्या प्रतीवर हे केंद्र उभे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर ‘पण अमुक शहरातल्या मॉलमध्ये हेच चालू आहे’ असे उत्तर हमखास मिळते. तिथे चालू आहे याचा अर्थ त्यांच्याकडे परवानगी आहे असा होत नाही, आणि असली तरी ती त्यांची आहे, तुमची नाही.

व्यावसायिक वापराची गरज खुद्द मायक्रोसॉफ्टने फार पूर्वी ओळखली होती. फ्लाइट सिम्युलेटर एक्स ही आवृत्ती २००६ मध्ये आल्यानंतर तिच्याच तंत्रावर आधारित, पण संस्था आणि उद्योगांसाठी वेगळा परवाना असलेले ‘ईएसपी’ नावाचे उत्पादन कंपनीने काढले. जानेवारी २००९ मध्ये ते बनवणारा एसेस स्टुडिओ बंद झाला आणि त्याच वर्षी लॉकहीड मार्टिनने ते तंत्र परवान्याने घेऊन पुढे ‘प्रिपेअर थ्रीडी’ विकसित केले. जवळपास तेच तंत्र दोन वेगळ्या परवान्यांखाली विकले जात होते. याचा सोपा अर्थ असा की किमतीतला फरक हा तंत्राइतकाच वापराच्या हक्काचा असतो.

प्रिपेअर थ्रीडीचे शैक्षणिक, प्रोफेशनल आणि प्रोफेशनल प्लस असे परवाने आहेत. शैक्षणिक परवाना शालेय ते पदवी स्तरापर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या शिक्षकांसाठी आहे. पदवीनंतर खासगी वर्ग चालवणाऱ्याने स्वस्त म्हणून तो घेणे चुकीचे ठरेल. प्रोफेशनल परवाना प्रशिक्षण देणाऱ्यांना उपयोगी पडतो. मात्र ग्राहकांच्या वैयक्तिक मनोरंजनासाठी हे सॉफ्टवेअर वापरता किंवा देता येत नाही, अशी अट या परवान्यांत आहे. म्हणजे महागडा परवाना घेतला की काहीही करता येते हा समज इथे उलटा पडतो: म्हापशातला प्रशिक्षण वर्ग या परवान्यात बसू शकतो, कळंगुटची पर्यटकांसाठीची ‘जॉयराइड’ बसणे अवघड आहे. तसे काही करायचे असेल तर लॉकहीड मार्टिनकडून लेखी उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

लॅमिनार रिसर्चच्या एक्स-प्लेनची व्यवस्था सर्वांत सरळ आहे. एक्स-प्लेन १२ ची अंतिम आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. तिची घरगुती प्रत अव्यावसायिक वापरासाठी असते, आणि व्यावसायिक वापरासाठी कंपनी वेगळी प्रोफेशनल परवानगी विकते. ही परवानगी यूएसबी कीच्या स्वरूपात येते. प्रोग्रॅम तोच असतो, संगणकात ती की असली की तो व्यावसायिक वापरासाठी चालतो. छोट्या केंद्राने पहिला विचार याच पर्यायाचा करावा असे मला वाटते, कारण काय विकत घेतले हे हातात धरून दाखवता येते. एक काळजी मात्र घ्यावी. की पेन ड्राइव्हसारखीच दिसते, त्यामुळे ती संगणकाच्या मागच्या पोर्टला लावून कॅबिनेट बंद ठेवावे. समोरच्या पोर्टला लावलेली की साफसफाई करताना निघते किंवा कोणाच्या खिशात जाते, आणि हरवलेली की म्हणजे हरवलेला परवाना.

अनेक पडद्यांच्या कॉकपिटमध्ये परवान्यांची संख्या नीट मोजावी. एकाच संगणकाला तीन पडदे जोडले असतील तर सॉफ्टवेअर एका यंत्रावर चालते. समोरचे, डावीकडचे आणि उजवीकडचे दृश्य तीन वेगळे संगणक दाखवत असतील तर सॉफ्टवेअर तीन यंत्रांवर चालते आणि परवानेही त्या हिशेबाने लागतात. ग्राहक एकच आहे, कॉकपिट एकच आहे, म्हणून परवानाही एकच असे गणित इथे चालत नाही. जुने, कमी ताकदीचे तीन संगणक वापरून पैसे वाचवू पाहणाऱ्याने ही बाब आधीच हिशेबात धरावी. अनेकदा एकच दमदार संगणक घेणे एकूण स्वस्त पडते.

चौथा पर्याय फ्लाइटगिअरचा. हा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्वयंसेवक चालवत आहेत आणि तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळतो. त्यावर व्यवसाय करण्यास, शुल्क घेण्यास, अगदी त्याची प्रत विकण्यासही मनाई नाही. परदेशात काहींनी तो नाव बदलून विकलाही आणि प्रकल्पाने ग्राहकांना त्याबद्दल सावध केले. तुम्ही त्यात बदल करून ती प्रत इतरांना दिलीत तर बदललेला स्रोत-संकेतही (सोर्स कोडही) त्याच परवान्याखाली उपलब्ध करावा लागतो. आपल्याच केंद्रात चालवण्यापुरते बदल केले तर ही अट येत नाही. चित्रे मायक्रोसॉफ्टच्या तोडीची नाहीत आणि मांडणी शिकायला वेळ लागतो, हे खरे. पण शाळेच्या प्रयोगशाळेत उचल, ओढ, भार आणि रेटा या चार बलांचा परिणाम दाखवायचा असेल, तर देखण्या ढगांवाचून काही अडत नाही.

तिसरी पायरी: वरून बसवलेली विमाने, विमानतळ आणि नकाशे

मुख्य सिम्युलेटरचा योग्य परवाना घेतल्यावर बहुतेकांची सावधगिरी सुटते. मग बोइंग किंवा एअरबसचे सविस्तर मॉडेल, दाबोळीचा टर्मिनल, मोपाची धावपट्टी अशा गोष्टी जमवायला सुरुवात होते. या प्रत्येक अ‍ॅड-ऑनला स्वतःचा परवाना असतो, आणि विकत मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅड-ऑनचा परवानाही घरगुती वापरापुरताच असतो. व्यावसायिक परवाना हवा असल्यास निर्मात्याला वेगळे विचारावे लागते. काही जण तो वेगळ्या किमतीला देतात, काही देतच नाहीत.

फुकट मिळणाऱ्या अ‍ॅड-ऑनमध्ये फसगत अधिक होते. समजा, एखाद्या हौशी कलाकाराने बनवलेला मोपा विमानतळ तुम्ही उतरवून घेतला. झिप फाइल उघडली की आत एक छोटी रीडमी फाइल असते आणि तिच्या तळाशी साधारण असा मजकूर असतो: हे फ्रीवेअर आहे, दुसरीकडे अपलोड करू नये, व्यावसायिक वापरासाठी आधी विचारावे. आपण फोल्डर योग्य जागी टाकतो आणि ती फाइल कधीच उघडत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात ‘एनसी’ ही अक्षरे दिसली तर तो मजकूर अव्यावसायिक वापरासाठीच आहे. केवळ ‘बीवाय’ असेल तर नाव देऊन व्यवसायातही वापरता येतो. परवान्याचा उल्लेखच नसेल तर परवानगी आहे असे समजू नये. परवानगी न सांगितलेल्या कृतीचे सर्व हक्क निर्मात्याकडेच राहतात. फ्लाइटगिअर वापरणाऱ्यांनीही इथे थांबून पाहावे, कारण प्रकल्पाच्या अधिकृत संग्रहाबाहेरची काही विमाने जीपीएलखाली नसतात.

अशा हौशी कलाकाराला दोन ओळींचे नम्र पत्र पाठवून परवानगी मागावी आणि केंद्रात त्याचे नाव लावण्याची तयारी दाखवावी. बहुतेकांना आपले काम कोणी वापरत आहे याचाच आनंद असतो. न विचारता वापरल्याचा मात्र त्यांना राग येतो आणि तो रास्त असतो.

स्वतःच आपल्या भागाची दृश्ये तयार करायची असतील, तर ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा श्रेय देऊन व्यवसायात वापरता येतो. गूगलच्या उपग्रह-चित्रांचे तुकडे उतरवून दृश्ये बनवणे मात्र त्या सेवेच्या अटींविरुद्ध आहे. आणि दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, तेव्हा टर्मिनलच्या भिंती-छतांवर चढवायची चित्रे (पोत) मिळावीत म्हणून त्या परिसरात ड्रोन उडवण्याचा विचार मनातही आणू नये. तो परवान्याचा नाही, सुरक्षेचा प्रश्न होतो.

नकाशांच्या बाबतीत नेव्हिग्राफसारख्या सेवा सिम्युलेशनपुरता डेटा देतात आणि प्रत्यक्ष उड्डाणासाठी तो वापरू नये असे बजावतात. वैयक्तिक सदस्यत्वातले चार्ट छापून वर्गात वाटण्याआधी त्यांच्या अटी पाहाव्यात. भारतीय विमानतळांची अधिकृत माहिती भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ‘एआयपी इंडिया’मध्ये ऑनलाइन पाहता येते, शिकवताना तिकडे बोट दाखवणे अधिक योग्य, कारण विद्यार्थ्याला मूळ दस्तऐवज वाचायची सवय लागते.

एअरलाइनचे रंग आणि बोधचिन्ह असलेले विमान पडद्यावर दिसणे वेगळे आणि तेच चित्र आपल्या फलकावर छापणे वेगळे. दुसरी गोष्ट केली की व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ चा विषय येतो, कारण पाहणाऱ्याला त्या कंपनीचा तुमच्या केंद्राशी संबंध आहे असे वाटू शकते. फलकावर साधे पांढरे विमान काढावे.

चौथी पायरी: ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही ते थर

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेली प्रत स्टीमच्या सदस्य-करारानेही बांधलेली असते आणि तो करारही वैयक्तिक, अव्यावसायिक वापराचाच आहे. गेमिंग कॅफेंसाठी स्टीमची वेगळी पीसी कॅफे योजना आहे. तिच्यात प्रत्येक गेम आपोआप येत नाही, प्रकाशकाची संमती लागते. म्हणून व्यवसायासाठी सिम्युलेटर शक्य तो थेट निर्मात्याकडून घ्यावा.

विंडोजचा विषय त्याहून दुर्लक्षित आहे. नेहमीच्या विंडोज परवान्यात संगणक भाड्याने देण्याची मुभा नसते, आणि सायबर कॅफेसारख्या व्यवसायांसाठी मायक्रोसॉफ्टने ‘रेंटल राइट्स’ नावाचा वेगळा परवाना ठेवला आहे. ग्राहक तासाच्या दराने तुमच्या संगणकावर बसणार असेल, तर आपल्या विंडोज विक्रेत्याला याबद्दल लेखी विचारावे. एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअर हे दोन्ही लिनक्सवरही चालतात, ही गोष्ट इथे उपयोगी पडते.

केंद्रात पार्श्वसंगीत लावणार असाल तर त्याचेही वेगळे परवाने लागतात. लग्नसमारंभातील संगीताला परवान्याची गरज नाही अशा आशयाचे गोवा सरकारचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केले, हे हॉटेल व्यवसायातल्या लोकांना ठाऊक आहेच. इंजिनाचा आवाज पुरेसा आहे, गाणी टाळावीत.

पाचवी पायरी: लेखी विचारणा

परवान्यातील एखादे वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येत असेल, तर स्वतःच्या सोयीचा अर्थ लावण्याऐवजी निर्मात्याला विचारावे. पत्र इंग्रजीतच जाईल, पण मजकूर कसा असावा ते सांगतो. ‘आमच्या व्यवसायात तुमचे सॉफ्टवेअर वापरता येईल का?’ असा मोघम प्रश्न विचारला की उत्तरही मोघम येते. त्याऐवजी असे लिहावे: ‘गोव्यातील म्हापसा येथे आमचे एक केंद्र असेल. त्यात चार संगणक असतील. तीन संगणक एकाच कॉकपिटची तीन दृश्ये दाखवतील आणि चौथा प्रशिक्षकाच्या टेबलावर असेल. ग्राहकाकडून अर्ध्या तासाचे शुल्क घेतले जाईल. हा वापर मनोरंजनाचा आहे, वैमानिक परवान्यासाठी तास मोजण्याचा नाही. वर्षातून काही वेळा यातील एक संच प्रदर्शनात नेला जाईल. या वापरासाठी कोणता परवाना, किती संख्येने लागेल आणि तो आमच्या संस्थेच्या नावे मिळेल का, हे कृपया कळवावे.’ पहिल्या पायरीत लिहिलेला परिच्छेद इथे जवळजवळ तसाच कामी येतो.

उत्तर आले की ते पीडीएफ करून ठेवावे. फोनवरचे ‘हो, चालेल’ किंवा इंटरनेटवरच्या चर्चामंचावर एखाद्या सभासदाने दिलेला दिलासा म्हणजे परवानगी नव्हे. उत्तर आलेच नाही तर त्याचा अर्थ नकार असाच धरावा.

सहावी पायरी: प्रशिक्षणाचा दावा करताना

व्यावसायिक परवाना मिळणे आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची मान्यता मिळणे यांचा एकमेकांशी संबंध नाही. डीजीसीए संपूर्ण प्रशिक्षण उपकरणाला मान्यता देते. त्यात नियंत्रणे, उपकरणफलक, प्रतिसाद, दृश्ये सगळे येते. एक्स-प्लेनची यूएसबी की संगणकाला लावली म्हणून त्या खुर्चीत घालवलेला तास विद्यार्थ्याच्या लॉगबुकात मोजला जात नाही. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि १९३४ चा जुना एअरक्राफ्ट अ‍ॅक्ट गेला, तरी या मुद्द्यात फरक पडलेला नाही.

म्हणून जाहिरातीत ‘डीजीसीए मान्य’, ‘पायलट प्रमाणपत्र’, ‘तास मोजले जातील’ असे शब्द वापरू नयेत. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. चेकलिस्ट वाचणे, रेडिओवर बोलणे, उपकरणांकडे नजर फिरवणे याचा सराव करून मिळतो असे प्रामाणिकपणे लिहिले, तरी येणारा विद्यार्थी येतोच, आणि त्याच्या वडिलांना पुढे उत्तर देण्याची वेळ येत नाही.

सातवी पायरी: पैसे, बिल आणि कर

बिल व्यवसायाच्या नावाने घ्यावे. स्वतःच्या वैयक्तिक ई-मेलवर, वैयक्तिक कार्डाने आणि जीएसटी क्रमांकाशिवाय घेतलेली प्रत ही घरगुती खरेदी होती असे कागदच सांगतात. परदेशी कंपनीकडून व्यवसायासाठी परवाना घेताना जीएसटी रिव्हर्स चार्ज पद्धतीने तुम्हालाच भरावा लागू शकतो. टीडीएसच्या बाबतीत, अंतिम वापरकर्त्याने तयार सॉफ्टवेअरसाठी परदेशी विक्रेत्याला दिलेली रक्कम भारताशी कर-करार असलेल्या देशांच्या संदर्भात ‘रॉयल्टी’ ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २ मार्च २०२१ चा ‘इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस’ निकाल आहे. तो आपल्या व्यवहाराला लागू होतो का, हे पैसे पाठवण्याआधी सनदी लेखापालाकडून पाहून घ्यावे. पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यापार परवाना आणि दुकाने व आस्थापना नोंदणी ही नेहमीची कामे आहेत, त्यांवर वेगळे लिहिण्याची गरज नाही.

आठवी पायरी: यूट्यूबचे व्हिडिओ

केंद्राचा चॅनल काढणार असाल तर मायक्रोसॉफ्टने गेमच्या चित्रफितींसाठी वेगळे नियम प्रसिद्ध केले आहेत. त्यांनुसार खेळतानाचे व्हिडिओ टाकता येतात आणि यूट्यूबसारख्या मंचाच्या जाहिरातींतून उत्पन्नही घेता येते, पण व्हिडिओ पाहण्यासाठी पैसे आकारता येत नाहीत. ही परवानगी व्हिडिओपुरती आहे. तिचा आधार घेऊन केंद्रात गेम चालवता येत नाही.

नववी पायरी: फाइल ठेवा आणि ती चालू ठेवा

एका फाइलमध्ये प्रत्येक संगणकासाठी एक पान असावे. त्यावर मुख्य सिम्युलेटरचे नाव व आवृत्ती, परवान्याचा प्रकार, कीचा क्रमांक, बिलाची तारीख, बसवलेल्या प्रत्येक अ‍ॅड-ऑनचे नाव आणि त्याच्या परवानगीची प्रत लावावी. खरेदीच्या दिवशी मान्य केलेल्या अटींची प्रतही जपून ठेवावी, कारण संकेतस्थळावरच्या अटी बदलत राहतात आणि वाद झाला तर तुम्ही कशाला होकार दिला होता हे दाखवावे लागते. मोठी नवी आवृत्ती आली की जुना परवाना तिला लागू होतो की नाही हे स्थापनेआधी पाहावे. संगणकावर अ‍ॅड-ऑन टाकण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवावा. केंद्रात काम करणारी मुले बहुधा स्वतः सिम्युलेटरची शौकीन असतात आणि घरून पेन ड्राइव्हवर एखादे छान विमान आणतात. हेतू चांगला असतो, पण ज्या फोल्डरचा उगम माहीत नाही तो व्यवसायाच्या यंत्रावर राहू देऊ नये.

केंद्र बंद करायची किंवा विकायची वेळ आली, तर खुर्च्या, पडदे आणि संगणक घेणाऱ्याला सॉफ्टवेअरचे परवाने आपोआप मिळत नाहीत. हस्तांतरण चालते का, त्यासाठी निर्मात्याला कळवावे लागते का, हे प्रत्येक परवान्यात पाहावे आणि विक्रीच्या करारात कोणते परवाने दिले जात आहेत व कोणते नाहीत याची स्वतंत्र यादी जोडावी. जे परवाने हस्तांतरित होत नाहीत, ते सॉफ्टवेअर ताबा देण्याआधी संगणकावरून काढून टाकावे आणि तसे केल्याची नोंद घेणाऱ्याच्या सहीनिशी फाइलमध्ये लावावी.